दैवाचा हिशेब मांडणारे डॉ. खानोलकर

परळ म्हटले की जुन्या मुंबईकराच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात, गिरण्यांची धुराडी आणि इस्पितळे. धुराडी केव्हाच थंडावली आणि त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. इस्पितळे मात्र जागच्या जागी आहेत. केईएम, वाडिया, टाटा. कोकणातून, घाटावरून, थेट बिहार-बंगालमधून आलेली माणसे आजही त्यांच्या आसपासच्या फुटपाथवर गाठोडे उशाशी घेऊन रात्र काढतात. औषधाचा खर्च, परतीचे तिकीट, गावाकडची गुरे अशा अनेक चिंता त्या गाठोड्यात बांधलेल्या असतात. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक प्रश्न असतो : हे नेमके आमच्याच वाट्याला का आले? कुणी नशिबाकडे बोट दाखवतो, कुणी पूर्वजन्मीच्या पापाकडे, तर कुणी घराण्याच्या रक्ताकडे.

हाच प्रश्न घेऊन याच परळमध्ये एका माणसाने उभे आयुष्य काढले. त्याने नशिबाला नाकारले नाही किंवा त्याच्यापुढे हातही जोडले नाहीत. त्याने मोजायला सुरुवात केली. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्यांचे नाव. भारतातील पॅथॉलॉजीचे, म्हणजे विकृतिशास्त्राचे, जनक म्हणून वैद्यकाच्या जगात त्यांना मान आहे. पण टाटा इस्पितळाच्या दारावरून रोज जाणाऱ्या सामान्य परळकराला हे नाव फारसे ठाऊक नसते.

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावाचे. मुलाचे बालपण मात्र कोकणापासून कितीतरी दूर, आज पाकिस्तानात असलेल्या क्वेट्टा शहरी गेले. जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वडील डॉक्टर होते. पुढे शिक्षणासाठी लंडन आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतील एम.डी. ही पदवी. त्या काळी अशी पदवी घेऊन आलेला तरुण मलबार हिलवर बंगला बांधू शकला असता. खानोलकरांनी मात्र रोग्याच्या नाडीऐवजी सूक्ष्मदर्शकाची वाट धरली. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पॅथॉलॉजी शिकवली. हे दुसरे महाविद्यालय म्हणजे केईएमचे जुळे भावंड. त्यासाठी पैसा देणाऱ्यांची अटच अशी होती की, तिथले सगळे अध्यापक भारतीय असावेत. गोऱ्या डॉक्टरांच्या जमान्यात ही अट म्हणजे लहानसे बंडच होते.

पॅथॉलॉजिस्टचे काम बँकेतल्या ऑडिटरसारखे असते. रोगी त्याला ओळखत नाही, त्याचे आभार कुणी मानत नाही. पण खरे काय घडले ते त्यालाच कळते. मृत शरीरातील, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतील पुरावा बघून तो सांगतो की, चूक कुठे झाली. खानोलकरांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. ही चूक कुणाच्या बाबतीत, कुठल्या भागात, कुठल्या रीतीभातीच्या माणसांत वारंवार होते, हे ते विचारू लागले.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल इस्पितळ उघडले आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रुग्ण इथे येऊ लागले. पाश्चात्त्य पुस्तकांत क्वचित आढळणारा तोंडाचा कर्करोग इथे रांगेने बसलेला दिसे. पुस्तक लंडनचे, रोगी लालबागचा. मग खानोलकरांनी पुस्तक बाजूला ठेवून रोग्याच्या सवयी लिहून घ्यायला सुरुवात केली. बिहारकडचा माणूस खालच्या ओठाच्या आत चुन्यात मळलेली खैनी धरून ठेवतो, त्याला त्याच जागी गाठ येते. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. तिथे टाळूला कर्करोग होतो. वर्षानुवर्षे धोतर एकाच जागी घट्ट आवळले की, कमरेच्या कातडीवर व्रण पडून तिथेही तो होऊ शकतो. रूढीतून उद्भवणाऱ्या कर्करोगांविषयीचा त्यांचा आणि सहकारी डॉ. सूर्याबाई यांचा शोधनिबंध १९४५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

गिरणगावाला यातून काय मिळाले? रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखू धरणाऱ्या साचेवाल्याच्या आणि सकाळी मिश्री लावणाऱ्या त्याच्या बायकोच्या दुखण्याला एक नाव मिळाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक कारण मिळाले. घराण्यात असलेली गोष्ट बदलता येत नाही, सवय मात्र बदलता येते. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी, हिंदू स्त्रियांमध्ये चित्र उलटे, हेही मुंबईतच ध्यानात आले. वरवर पाहणारा म्हणेल, जात वेगळी, रक्त वेगळे. पण लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या हेही दोन्हीकडे वेगळे होते. रक्त आणि रीत यांची सरमिसळ होऊ न देणे, हा खानोलकरांचा आयुष्यभराचा आग्रह होता.

म्हणून रक्ताकडे त्यांनी पाठ फिरवली असे मात्र नाही. रक्ताचा दोष आहे असे म्हणायचे असेल तर आधी रक्त तपासायला हवे, इतकेच. डॉ. एल. डी. संघवी या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत एक अनोखी पाहणी केली. आपापसातच लग्ने करणारे सहा समाज निवडले आणि रक्तगटासारखी सात आनुवंशिक लक्षणे त्या समाजांत किती प्रमाणात आढळतात, ते मोजले. भारतात मानवी आनुवंशिकीच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या कामांत या पाहणीची गणना होते. जातीवर भाषणे देणारे देशात तेव्हाही खूप होते. रक्ताचे थेंब आणि आकड्यांचे तक्ते समोर ठेवणारे मात्र थोडे.

शेजारीच, केईएममध्ये, १९५२ साली आणखी एक घटना घडली. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना असे रक्त आढळले की, जे कुठल्याच ठाऊक गटात बसेना. तपासणीत ते ‘ओ’सारखे दिसे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्या माणसाला चालत नसे. जगाने त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ असे नाव दिले. मुंबईत साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे नाव तसेच राहिले. आज आपल्याला ठाऊक आहे की, यामागचे जनुक १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते आणि आई-वडील या दोघांकडूनही त्याची सदोष प्रत आली, तरच मुलाचा हा गट होतो. म्हणजे ही गोष्ट खरोखरच घराण्यातून येते. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. थोड्या वेळाने त्याचा उपयोग होणार आहे.

१९५२ मध्येच परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. पुण्याच्या कमल रणदिवे या तोवर त्यांच्या हाताखाली काम करून डॉक्टरेट झाल्या होत्या. उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या का होतो, हा त्यांचा विषय. अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन त्या टिश्यू कल्चर शिकून आल्या आणि परळला देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी राहिली. टिश्यू कल्चर म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या बाटलीत योग्य खुराक देऊन जिवंत ठेवणे आणि वाढवणे. ऐकायला सोपे वाटते. पण एक जंतू शिरला की सगळी मेहनत पाण्यात.

हेच तंत्र त्या वर्षांत जगभर एका मोठ्या कोड्याची किल्ली ठरत होते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, हे ते कोडे. योगायोग असा की, ज्या १९२३ साली खानोलकर एम.डी. झाले, त्याच साली अमेरिकेतील पेंटर या शास्त्रज्ञाने हा आकडा ४८ असल्याचे जाहीर केले होते. पुढे ३३ वर्षे सगळ्या पुस्तकांत ४८ च छापले जात होते. बँकेत काम केलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. खातेवहीच्या पहिल्या पानावर चुकीची शिल्लक लिहिली की, पुढचे सगळे कारकून तीच इमानाने पुढे ओढतात. १९५६ मध्ये टिजो आणि लेवान यांनी स्वीडनमध्ये टिश्यू कल्चरच्या मदतीने पेशी नीट पसरून पाहिल्या आणि आकडा ४६ निघाला.

शिल्लक एकदा बरोबर झाली, की फरकही दिसू लागतो. लंडनच्या डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये एका विशिष्ट चेहऱ्यामोहऱ्याच्या, मंद गतीने वाढणाऱ्या मुलांचे वर्णन केले होते. कारण कुणालाच सापडले नव्हते. पॅरिसच्या एका इस्पितळात मार्त गोतिए या तरुण डॉक्टरीणबाईंनी तुटपुंज्या साधनांनी टिश्यू कल्चर प्रयोगशाळा मांडली. वेळप्रसंगी स्वतःच्या रक्तातील द्रव वापरला. त्या पेशींत गुणसूत्रे निघाली ४७. जेरोम लेज्यून, गोतिए आणि त्यांचे वरिष्ठ तुर्पां यांच्या नावाने जानेवारी १९५९ मध्ये हा शोध जाहीर झाला. कीर्ती लेज्यून यांना मिळाली. गोतिएबाईंच्या वाट्याला ती अर्धशतक उलटल्यावर, उतारवयात आली.

जादा असते ते २१ क्रमांकाचे गुणसूत्र, सगळ्यांत लहान. जोडीने असायचे ते तिघे येतात. स्त्रीबीज किंवा पुंबीज तयार होताना प्रत्येक जोडी फुटून एकेकाने वेगळे व्हायचे असते. कधी एखादी जोडी फुटतच नाही आणि दोघेही एकाच बीजात जातात. स्त्रीच्या बाबतीत बीजाची ही विभागणी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि मध्येच थांबते, ती थेट ऋतुप्राप्तीनंतर, कधी पस्तीस-चाळीस वर्षांनी पूर्ण होते. इतका काळ थांबलेल्या कामात चूक होण्याचा संभव वयाबरोबर वाढतो. पस्तिशीत साधारण साडेतीनशे बाळंतपणांत एक, तर चाळिशीत शंभरात एक असे प्रमाण सांगितले जाते. तरीही एकूण बाळंतपणे तरुण वयातच अधिक होत असल्याने अशी पुष्कळशी मुले तरुण आयांच्या पोटी जन्मतात.

आणि आता तो ‘बॉम्बे रक्तगट’ आठवावा. तो घराण्यातून येतो. डाऊन सिंड्रोम गुणसूत्रांत असतो. पण शंभरांतील सुमारे पंचाण्णव मुलांच्या बाबतीत तो घराण्यातून आलेला नसतो. आईची गुणसूत्रे ४६, वडिलांची ४६, आजा-आजींचीही ४६. फक्त त्या एका बीजाच्या वेळी जोडी फुटली नाही. तीन-चार टक्के मुलांत २१ चा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. त्यांतील काहींच्या बाबतीत तो आई किंवा वडिलांकडून येऊ शकतो आणि तेवढ्यासाठी त्यांची तपासणी करावी लागते. बाकीच्यांच्या बाबतीत ना खानदान, ना खाणेपिणे, ना ग्रहण. गुणसूत्रातील गोष्ट आणि घराण्यातील गोष्ट या दोन वेगळ्या असू शकतात, एवढे साधे वाक्य समाजाला उमजायला मात्र फार वेळ लागला.

साठचे दशक संपत आले असताना गिरगावातील आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर असे एक मूल होते. हसरे, गणपतीच्या आरतीला सगळ्यांत पुढे टाळ्या वाजवणारे. त्याच्या आईने गरोदरपणी ग्रहणात विळी हातात धरली होती, असे चाळीने ठरवून टाकले होते. डोहाळजेवणाचे बोलावणे तिला कधी येत नसे. तीही कधी विचारत नसे. पॅरिसमध्ये उत्तर सापडून तेव्हा दहा वर्षे होत आली होती. गिरगावापासून परळ बसने अर्ध्या-पाऊण तासावर. पण उत्तराला तेवढे अंतर काटता आले नव्हते.

उत्तर मिळण्याची वाट न पाहता कामाला लागलेली माणसेही याच परिसरात होती, हे विसरून चालणार नाही. आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीला कुठलीच शाळा घेत नाही, हे पाहून जय वकील आणि त्यांचे पती होरमसजी यांनी १९४४ मध्ये स्वतःच शाळा सुरू केली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. खानोलकर परळला पेशी पाहत होते त्याच काळात, लालबागच्या पलीकडे, ही मुले हातात पेन्सिल धरायला शिकत होती. तेव्हा २१ व्या गुणसूत्राची गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

डाऊन सिंड्रोम हा काही खानोलकरांचा विषय नव्हता. कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांचे विषय. पण उतारवयात हा प्रश्न दुसऱ्याच दाराने त्यांच्या जगात आला. अणुस्फोट चाचण्यांच्या भीतीतून संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणारी शास्त्रीय समिती नेमली. तिच्यावर खानोलकर भारताचे प्रतिनिधी होते. केरळात कोल्लमजवळ चवरा, नींदकरा या भागातील वाळूत मोनाझाइट आहे. त्यातील थोरियममुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळ्यांच्या अंगावर इतरांपेक्षा कितीतरी अधिक किरणोत्सार पडतो. त्याचा संततीवर काय परिणाम होतो? साऱ्या जगाचे या किनाऱ्याकडे लक्ष लागले. तुर्भ्याला डॉ. गोपाल अय्यंगार आणि त्यांचे सहकारी तिथली घरे, माणसे आणि मात्रा मोजायला लागले.

१९७६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केले की, त्या किनाऱ्यावर डाऊन सिंड्रोम अधिक आढळतो. खळबळ उडाली. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले : रुग्णांची संख्या लहान, आयांच्या वयाचा विचार हवा तसा नाही. वाद कुणाच्या अधिकाराने मिटला नाही, मोजदादीने मिटला. १९९५ पासून तिथल्या इस्पितळांत जन्मणाऱ्या बाळांची तपासणी सुरू झाली. १ लाख ४० हजारांहून अधिक बाळे पाहून झाली; किरणोत्साराच्या मात्रेप्रमाणे जन्मजात दोष वाढत असल्याचे आढळले नाही. हा निकाल ऐकायला खानोलकर नव्हते. पण सवय, परिसर आणि रक्त यांचे खाते वेगवेगळे ठेवावे, ही त्यांचीच पद्धत इथे कामी आली होती.

मानसन्मान त्यांना भरपूर मिळाले. १९६० ते ६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते; परळचा हा माणूस फोर्टमधील राजाबाई टॉवरच्या सावलीत कारभार पाहत होता. पद्मभूषण मिळाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे पद मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे संशोधन केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग बनले आणि आता खारघरला आहे. तिथल्या एका इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ असे नाव आहे. पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेत त्यांच्या नावे व्याख्यान होते.

इकडे परळनेही वाट पुढे नेली. केईएमच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली संस्था आज रक्तविकारांच्या आनुवंशिकीचे मोठे केंद्र आहे. वाडिया बालरुग्णालयात वैद्यकीय संशोधन परिषदेचे जनुक संशोधन केंद्र उभे राहिले. २००० साली २१ व्या गुणसूत्राची जवळजवळ संपूर्ण अक्षरमाला वाचून झाली; त्यावर दोन-सव्वादोनशे जनुके मोजली गेली. आता गरोदर स्त्रीच्या रक्ताच्या एका नळीवरून बाळात जादा गुणसूत्र असण्याचा संभव किती, हे सांगता येते. अशा तपासण्यांचा गैरवापर होऊ नये म्हणून १९८८ मध्ये पहिला कायदा केला तो महाराष्ट्रानेच, कारण मुलगी नको म्हणणारी घरे या तंत्राच्या दाराशी आधी पोहोचली होती. तपासणी करावी की न करावी, उत्तर आल्यावर काय करावे, हे ज्या त्या आई-वडिलांनी ठरवायचे. शेजाऱ्यांनी आणि सासूबाईंनी तिथे न्यायाधीश होऊ नये, एवढे म्हणायला हरकत नसावी.

मोजणीने आणखी एक गोष्ट दाखवली आहे. शंभर वर्षांपूर्वी डाऊन सिंड्रोमची मुले दहा-बारा वर्षेही क्वचितच जगत. हृदयाच्या शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि घरातली माया यांमुळे प्रगत देशांत आज ती साठीपर्यंत जगतात, आपल्याकडेही मोठी होतात. म्हणजे बऱ्याच घरांत मूल आई-वडिलांच्या मागे उरणार. बँकेच्या काउंटरवर असे वृद्ध जोडपे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. पासबुक पुढे करून ते व्याजदर विचारत. पण खरे विचारायचे असे ते वेगळेच, आमच्या मागे याचे खाते कोण चालवणार? त्यांना सांगण्याजोगे उत्तर आता आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे मूल अठरा वर्षांचे झाल्यावर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो आणि त्या दाखल्यावर बँक खाते चालवू देते. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

असे का झाले, याचे खरे उत्तर शोधण्यात खानोलकरांच्या पिढीने आयुष्य खर्ची घातले. कुणाचा तरी दोष दाखवावा म्हणून ते शोधले जात नव्हते. कारण कळले की, जिथे सवय बदलता येते तिथे ती बदलावी. जिथे काहीच बदलता येत नाही, तिथे निदान आईला तरी दोष देऊ नये. चाळी गेल्या, टॉवर आले. ग्रहणाच्या दिवशी विळी लपवणारी घरे मात्र अजून आहेत, आणि ती काही फक्त चाळींतच नाहीत.